माळ वाढली

थोरलीच्या हाताखालून एकदा वस्तू गेली की तिच्यावर चढायची गंजाची छाती व्हायची नाही. यंत्रांचे सुटे भाग ठेवायच्या एका मोठ्या गोदामाची ती मुख्य. बेअरिंगमधले पोलादी छर्रे, अगदी मोहरीएवढ्यांपासून लिंबाएवढ्यांपर्यंत, तिच्या राज्यात राजकन्यांसारखे झोपलेले असायचे. आधी तेलकट कागद, मग प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ओल पिणारी पांढरी पुडी, मग गरम पट्टीनं पिशवीचं तोंड चिकटवायचं आणि मग डबा. हवेचा एखादा कण चुकून आत शिरलाच तर तो रडत रडत बाहेर यायचा म्हणे. गोदामातली माणसं तिला कुलूपताई म्हणायची. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्याच लांबून.

घरीही तेच. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबर. पाहुण्यांच्या चादरींना पिशवी, आणि पाहुणे आले की त्यांना जुन्या चादरी, कारण पिशवी कोण फोडणार? नवरा बस चालवून निवृत्त झालेला. आयुष्यभर गाडीभर माणसांशी बोलायची सवय, आता घरात एकटीच प्रवासी.

"मी एका जागी फार वेळ बसत नाही," तो शेजाऱ्यांना सांगायचा. "न जाणो, ही मलाही पिशवीत घालून तोंड चिकटवायची."

"तोंड चिकटवायची फार इच्छा आहे," थोरली आतून म्हणायची. "पिशवीचं नाही."

तर अशा बाईच्या हाती आईची मोत्यांची माळ आली.

आता आईचं सांगायला हवं. आई म्हणजे अव्वल थापाडी. पण थाप अशी मारायची की ऐकणाऱ्याचं पोट भरावं. ही माळ तिच्याकडे आली कुठून, हे तिनं दोन्ही पोरींना दरवेळी वेगळं सांगितलेलं. एकदा म्हणे एक मासा आपणहून बोटीत आला, माळ तोंडातून काढून ठेवली आणि पावती मागत बसला. पण तिची लाडकी गोष्ट पाणबुड्याची. त्यानं ही माळ आईच्या आजीला दिली. तो मोती काढायला पाण्यात गेला तेव्हा गुळगुळीत दाढी-मिशी करून गेला होता, आणि आत इतका वेळ श्वास धरून बसला की वर आला तेव्हा मिशा हनुवटीच्या खाली लोंबत होत्या.

धाकटी ऐकताना श्वास धरून बसायची, पाणबुड्याला सोबत म्हणून. थोरली विचारायची, "मग एवढी ओली मिशी त्यानं वाळवली कशी?"

"तुझ्यापेक्षा भिंत बरी गं," आई म्हणायची. "ती मधेच प्रश्न तरी विचारत नाही."

माळ कायम आईच्या गळ्यात. मटार सोलताना, कपडे वाळत घालताना, शाळेतून आलेल्या पोरींचे कान पिळताना. अंघोळीला जाताना मात्र काढायची. आणि अत्तर लावलं तर ते पुरतं वाळेपर्यंत तिला हात लावायची नाही. "सगळ्यात शेवटी घालायची, सगळ्यात आधी काढायची," हे म्हणताना ती माळ अशी कुरवाळायची जशी काही मांजर आहे. रात्री माळेची झोप धाकटीच्या जुन्या झबल्यातून शिवलेल्या पिशवीत. धुऊन धुऊन ते कापड सायीसारखं मऊ झालेलं.

जायच्या आधी आईनं थोरलीला जवळ बोलावलं.

"माळ दोघींची. पण ती बया वेंधळी आहे, चहात बुडवून विसरेल. तू सांभाळ. आणि हे बघ, मोती जिवंत असतात हो. त्यांना अंगाची ऊब लागते, अंगाचं तेल लागतं. नुसते कपाटात उपाशी ठेवलेस तर रुसतात, म्हातारे होतात."

थोरलीनं मान हलवली. पावती मागणारा मासा, मिशीवाला पाणबुड्या, आणि आता हे उपाशी मोती. मनातल्या त्याच कप्प्यात तिनं हेही टाकून दिलं. जन्मभर थापा मारलेल्या बाईनं एकदाच खरं सांगितलं, आणि नेमकं तेच थापांच्या ढिगात गेलं.

आई गेल्यावर थोरलीनं माळ जशी सांभाळायची तशी सांभाळली. मऊ फडक्यानं पुसली. चांगली जाड पिशवी आणली, आत ओल पिणारी पुडी टाकली. मग हातातली माळ बघत थोडी थांबली आणि दुसरी पुडी टाकली. छर्रे असते तर एक पुरली असती, पण ही आईची होती. तोंड चिकटवलं, डब्यात ठेवलं, डबा लोखंडी कपाटात. झबल्याची पिशवी वेगळ्या पिशवीत, तिच्यावर चिठ्ठी: 'रिकामी'. त्या दिवशी तिला फार दिवसांनी झोप लागली. आई सुरक्षित होती.

बरीच वर्षं गेली. धाकटी लांब, समुद्रापलीकडे राहायला गेलेली. एक दिवस तिचा फोन आला. लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा थोरलीच्याच शहरातला, तेव्हा लग्न इथेच.

"ताई, मला बाकी काही नको हं. फक्त आईची माळ. ती घालून उभी राहिले ना, की मला वाटेल आई आली लग्नाला."

"तशीच्या तशी ठेवलीय," थोरली म्हणाली. असं म्हणताना तिचा आवाज जरा उंच झाला, आणि ते रास्तच होतं. जगात कुणाचं काय हरवतं, काय सडतं, पण तिच्याकडे ठेवलेलं तसंच्या तसं मिळतं, हीच तर तिची सगळी कमाई.

फोन ठेवून तिनं कपाट उघडलं, डबा काढला, कात्रीनं पिशवीचं तोंड कापलं.

नवरा पेपर वाचत होता. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून त्यानं वर पाहिलं.

"काय झालं?"

"अहो, दिवा लावा जरा."

"दुपार आहे."

"लावा म्हणते ना!"

दिव्याखालीही तेच. आईच्या गळ्यात ज्या मोत्यांवर सायीसारखी झाक असायची, ते आता खडूचे तुकडे दिसत होते. पिवळट, कोरडे. दातांच्या डॉक्टरनं काढून बरणीत ठेवलेले दात असावेत तसे. थोरलीनं माळ दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, आणि आतला दोरा, तोही बिचारा सुकून गेलेला, पटकन गेला.

फरशीवर जो आवाज झाला तो तिला जन्मभर पुरेल. छर्रे सांडले तर दणदणतात. मोती सांडले की नुसते हळूहळू टपटपत जातात, कुणी पाय न वाजवता घरातून निघून जावं तसे.

दोघंही गुडघ्यांवर. नवरा सोफ्याखाली अर्धा आत गेला. "एक सापडला! नाही, ही माझी गोळी आहे, रक्तदाबाची. परवा शोधत होतो." एक मोती फ्रिजखाली, एक पायपुसण्यात, एक खुद्द नवऱ्याच्या चपलेत. सगळे मिळाले. वाटीत गोळा केले आणि थोरली फरशीवरच बसून राहिली.

"मिळाले ना सगळे? मग?"

"तिला वाटेल मी बदलले. खरे कुठेतरी घालवले आणि हे ठेवले."

"काहीतरीच. सख्खी बहीण आहे."

"मलाच वाटतंय हो, कुणीतरी बदलले म्हणून." तिनं वाटी जरा लांब सरकवली. "आईनं एकच गोष्ट सांभाळायला दिली होती."

नवऱ्याला बायकोचा हा आवाज माहीत नव्हता. तो घाबरला. आणि घाबरलेली माणसं करतात तेच त्यानं केलं: काहीतरी केलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं मेव्हणीला फोनवर निरोप बोलून पाठवला. आता दागिन्याला कुणी तुटला म्हणतं का? बांगडी फुटत नाही, वाढते. माळही तुटत नाही, वाढते. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, हे सासूबाईंनी जावयालाही पढवून ठेवलेलं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "इकडे बाकी सगळं ठीक. तुमच्या आईची माळ मात्र आज वाढली."

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. त्यानं ते थोरलीसमोरच लावलं.

"काय सांगता भाऊजी! वाढली?" धाकटीचा आवाज चिरकला. "ताईनं वाढवून घेतली माझ्यासाठी? अगं बाई! मला गळ्याला दाटतच होती ती! हल्ली माझी हनुवटी कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते मलाच कळत नाही. आणि हिला ते न सांगता कळलं! मला ना... मला रडूच येतंय. ठेवते."

आणि खरंच, शेवटी रडल्याचा आवाज होता.

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"इतकी वर्षं लांब राहून भाषा विसरली वाटतं," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"मी हळू बोललो होतो."

"आता तुम्हालाच घालते पिशवीत. दोन पुड्या टाकून."

पुढच्या आठवड्यात थोरलीनं किती वेळा फोन केला असेल. "ऐक, ती माळ आहे ना—" की धाकटी लगेच, "नको, नको सांगूस! मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय." दुसऱ्यांदा, "अगं, ती वाढली म्हणजे—" की, "ताई, दारावर कुणीतरी आलंय." तिसऱ्यांदा तर धाकटीनं सांगितलं की तिनं विहिणीलाही कळवलंय, आमच्या ताईनं आईची माळ मोठी करून घेतली म्हणून, आणि विहीणबाईंचे डोळे पाणावले. थोरलीनं फोन ठेवला आणि रिमोटच्या पिशवीचा रबर काढून परत लावला. मग परत काढला.

शेवटी वाटीवर झाकण ठेवून ती आईची माळ ओवून देणाऱ्या काकांकडे गेली.

काकांचं दुकान म्हणजे घड्याळवाला आणि शिंपी यांच्यामध्ये उरलेली फट. आत एक काका, एक स्टूल आणि एक मिशी. मिशी काळीकुळकुळीत, रंगवलेली, टोकं वर वळवलेली. काका बोलताना आधी मिशी बोलायची.

"तुम्ही त्या... पाणबुड्यावाल्या बाईंची मुलगी ना?"

थोरलीचे कान तापले. "तुम्हालाही सांगितली होती ती गोष्ट?"

"गोष्ट? अहो, तो पाणबुड्या म्हणजे आमचे पणजोबा." काकांनी मिशीला पीळ दिला. "तुमच्या आईनंच शोधून काढलं. म्हणाली, मिशीवरून ओळखलं. तोवर मी सफाचट होतो. त्या दिवसापासून ठेवली. घराण्याची आहे म्हटल्यावर ठेवायला नको?"

थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. काही वस्तू झाकलेल्याच बऱ्या, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

काकांनी वाटीतला मोती चिमटीत धरला, उजेडात फिरवला, गालाला लावला.

"कुठे ठेवलेत हे? वाळवंटात?"

"हवाबंद पिशवीत," थोरली ताठ बसून म्हणाली. "ओल पिणाऱ्या पुड्या घालून."

"पुड्या? किती?"

"दोन."

"दोन!" मिशी थरथरली.

"एक पुरली नसती," थोरली म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज खाली खाली गेला.

काका हसले नाहीत. मोती परत वाटीत ठेवत म्हणाले, "रुसलेत."

"काय म्हणालात?"

"रुसलेत. मोत्याला ऊब लागते, अंगाचं तेल लागतं. उपाशी ठेवले की रुसतात."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईनंच. मला वाटलं, मारतेय थाप. पण हिऱ्यासोन्याच्या बायका यायच्या माझ्याकडे, कुलुपातल्या माळा घेऊन, आणि झाक तेवढी हिच्या माळेवर असायची. म्हटलं, असेलही खरं." त्यांनी खांदे उडवले. "परत येतील की नाही ते नाही सांगत. मी ओवतो, वैद्य नाही. घालून बघा. साबण नको, घासणं नको, ती दातांची पेस्ट तर अजिबात नको. ओलसर मऊ फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, घालायचं. बस."

"मी घालू?"

"मग काय मी घालू?"

काकांनी रेशमाचा नवा दोरा काढला. या वेळी दर मोत्यानंतर एक गाठ, ते म्हणाले. गाठ असली की मोती एकमेकांना घासत नाहीत, आणि पुढेमागे दोरा गेलाच तर एकच मोती पडेल, घरभर वरात निघणार नाही. थोरली स्टुलावर बसून बघत राहिली. मोती, गाठ, मोती, गाठ. काका सुईनं गाठ सरकवत मोत्याला टेकवायचे आणि मगच आवळायचे. कामात कुणी इतकं नीट असलं की थोरलीला तिथून हलवत नसे. मधे एक गाठ सैल बसली तेव्हा काकांच्या आधी तीच "अं हं" म्हणाली, आणि काकांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटून ती उसवली.

माळ झाली. त्यांनी ती तिच्या गळ्यात घातली आणि भिंतीवरचा हातभर आरसा पुढे केला. थोरलीनं पाहिलं. आईच्या गळ्यात माळ गळ्याच्या हाडांच्या वर असायची. ही खाली उतरली होती.

"काका, ही मोठी झाली."

"होणारच ना! एवढ्या गाठींना जागा नको? चांगली बोटभर वाढलीय."

"काय झालीय म्हणालात?"

"वाढलीय."

थोरलीला जे हसू फुटलं ते थांबेचना. शिंप्यानं मशीन थांबवून डोकावून पाहिलं. काकांनी आधी आरशात मिशी तपासली, ती जागेवर होती, म्हणून मग तेही हसले.

पण हसून काही मोती उजळत नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरली माळ घालून गोदामात गेली. निळ्या कोटाची वरची गुंडी लावून टाकली होती, तरी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाहिलंच.

"आज काय विशेष, कुलूप— आपलं, ताई?"

"काही नाही. जेवायला घालतेय."

"कुणाला?"

ती पुढे निघून गेली.

सुरुवातीला मोती थंडगार लागले, परक्याचा हात लागावा तसे. दुपारपर्यंत अंगाचेच झाले. तिनं अत्तराची बाटली कपाटात टाकली. अंघोळीआधी माळ काढायची, संध्याकाळी ओलसर फडक्यानं एकेक मोती पुसायचा, दोरा भिजू द्यायचा नाही, वाळली की आडवी ठेवायची. टांगली तर दोरा ताणतो, काका म्हणाले होते. 'रिकामी' लिहिलेली पिशवी तिनं दातानं फोडली, कात्री शोधायलासुद्धा थांबली नाही, आणि आतलं झबलं नाकाला लावलं. कसलाच वास नव्हता. पुडी तिथेही होती ना. तिनं ती पुडी काढून नवऱ्यासमोर धरली.

"बघा, काय लिहिलंय हिच्यावर."

"खाऊ नये," नवऱ्यानं वाचलं.

"आणि हीच बसली होती सगळं खात."

 नवऱ्यानं उठून पाहुण्यांच्या चादरीची पिशवी फोडली आणि चादर आपल्या पलंगावर घातली. थोरलीनं तिचे कोपरे नीट खोचले.

ती माळ घालून मटार सोलायची, कपडे वाळत घालायची. दर सकाळी खिडकीशी जाऊन बघायची, आणि नवऱ्याला विचारायची, "काही फरक?" तो म्हणायचा, "आहे, आहे," आणि ती म्हणायची, "थापा मारू नका." मग एका सकाळी तिनं विचारलं नाही, तोच म्हणाला, "अगं, इकडे बघ जरा. मान वळव." मोत्यांवर काहीतरी आलं होतं. दुधावर साय धरायच्या आधी जसं नुसतं हलतं, तेवढंच. आईच्या गळ्यातलं तेज नव्हतं ते. पण खडू नव्हते. माळ अडकवायच्या फाशाजवळच्या एका मोत्याला मात्र केसाएवढी चीर गेली होती, तो तसाच कोरडा राहिला. तो रुसला तो रुसलाच.

आणि धाकटी आली.

तिच्या बॅगा अजून दारातच होत्या. ती टेबलाशी बसून संत्रं सोलत होती, सालं टेबलावरच टाकत, कारण वेंधळी ती वेंधळीच. थोरलीनं गळ्यातली माळ काढली, दोन्ही हातांत धरली आणि उभीच राहिली. बसून बोलायची ही गोष्ट नव्हती.

"आधी ऐकून घे. मधे बोलू नकोस. ती वाढली म्हणजे लांब झाली नव्हती. तुटली होती. मी नको तशी ठेवली, मोती सुकले, दोरा गेला. आईनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"काय माहीत आहे?"

"तुटली ते. वाढली म्हणजे काय ते मला कळत नाही होय? एकाच आईच्या पोटच्या ना आपण?"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

"मग ते विहिणीला सांगितलं, तिचे डोळे पाणावले..."

"ती कशाला पाणावतेय? मी तिला काही सांगितलंच नाही."

"आणि तू रडलीस ते?"

"रडले ते तुटली म्हणून," धाकटी म्हणाली. "मला खोटं बोलता येतं ताई, खोटं रडता येत नाही." तिनं हात पुसले. "मी तेव्हा विचारलं असतं, कशी गं तुटली, तर तू काय केलं असतंस?"

"राजीनामा दिला असता," नवरा म्हणाला. "बहीणपणाचा."

"फोन उचलणं बंद केलं असतं. लग्नाला यायच्या दिवशी हिला ताप भरला असता. शाळेत माझी कंपासपेटी हिच्याकडून हरवली होती भाऊजी, तर ही आठवडाभर कपाटामागे बसून जेवायची. मी म्हटलं, हिला जरा वेळ मिळू दे. काहीतरी करेल ती. ती काही न करता बसणारी नाही."

 थोरलीनं माळ पुढे केली. धाकटीनं ती गळ्यात घातली, आणि फोड चावायची थांबली.

"काय गं? दाटते का?" थोरली घाबरून म्हणाली.

"गरम आहे."

"आत्ताच काढली ना मी."

"आई अशीच काढून द्यायची. कुठे बाहेर जायचं असलं, मला सजवायचं असलं, की स्वतःच्या गळ्यातली काढून माझ्या गळ्यात घालायची. अशीच गरम लागायची." धाकटीनं मोत्यांवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "मी इतकी वर्षं विचार करतेय, आईच्या माळेचं नेमकं काय आठवतं आपल्याला. हे आठवत होतं."

 मग धाकटीचा हात माळेवरून खाली खाली गेला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"पण ताई... ही खरंच वाढलीय!"

"बोटभर," थोरली म्हणाली. "गाठींनी."

"म्हणजे माझी थाप खरी निघाली?"

"आईचीही निघाली. तुम्हा दोघींपुढे माणसानं जायचं कुठे?"

लग्नात धाकटी माळ घालून उभी राहिली. फाशाजवळचा तो रुसलेला मोती मानेमागे, केसांखाली गेला. सगळं आटोपल्यावर, माणसं जेवायला बसत होती तेव्हा, ती थोरलीच्या मागे आली आणि माळ तिच्या गळ्यात घालून फासा लावला.

"सांभाळ," ती म्हणाली. "पण आता इथे."

समोर नवऱ्या मुलाची आत्या बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, आणि नजर अशी की ताटातला भातही जपून राहावा. ती मघापासून माळेकडे बघत होती. शेवटी राहवलं नाही.

"खरे आहेत का हो?"

थोरलीच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. आजवर तिनं अशा प्रश्नांना तेवढंच उत्तर दिलेलं. पण गळ्याशी मोती उबदार झाले होते, आणि तिच्या तोंडातून दुसरंच निघालं.

"खरे म्हणजे? अहो, हे आमच्या आईच्या आजीला एका पाणबुड्यानं दिले. पाण्यात गेला तेव्हा गुळगुळीत दाढी-मिशी केलेली. आत इतका वेळ श्वास धरून बसला, इतका वेळ, की वर आला तेव्हा मिशा इथपर्यंत!" आणि तिनं थेट बेंबीपर्यंत हात नेला. आईनंही कधी हनुवटीच्या फार खाली नेला नव्हता.

शेजारी धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला.

आत्याबाईंनी चष्मा वर सरकवला. "काहीतरीच. एवढी मोठी ओली मिशी त्यानं वाळवली कशी?"

 थोरलीचाच प्रश्न, इतक्या वर्षांनी, ताटापलीकडून परत आला होता. तिनं पाण्याचा घोट घेतला, माळ नीट केली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली,

"त्याच्याकडे ओल पिणाऱ्या पुड्या होत्या ना. दोन."